लोहार 99 चा, गिऱ्हाईक 40 चं

व्हॅरॉकच्या पश्चिम बँकेतून बाहेर पडून दक्षिणेकडे वळलं की ऐरणी लागतात. ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन खेळ खेळलेल्या माणसाला ही जागा डोळे मिटून सापडेल. पिशवीत हातोडा आणि रुनाइट धातूचे पाच बार (लगडी) घ्यायचे, ऐरणीवर क्लिक करायचं आणि उघडलेल्या चौकटीतून प्लेटबॉडी, म्हणजे छातीचं चिलखत, निवडायची. पात्र दोनतीनदा हातोडा आपटतं, बार गायब होतात, निळसर झाकेचं चिलखत पिशवीत येतं आणि 375 एक्सपी (अनुभवाचे गुण) जमा होतात. सगळं मिळून तीनेक सेकंदांचं काम.

पण त्या चौकटीत प्लेटबॉडीवर क्लिक करता यावं म्हणून स्मिथिंग, म्हणजे लोहारकामाचं कौशल्य, 99 लेव्हलचं लागतं. या खेळात त्याच्या वर लेव्हलच नाही. 99 गाठायला एकूण 1,30,34,431 एक्सपी लागतात, आणि लेव्हलचं गणित असं चढत जातं की 92 ला पोहोचलात तेव्हा कुठे निम्मा रस्ता सरलेला असतो.

तेच चिलखत अंगात घालायला काय लागतं? डिफेन्स (बचावाचं कौशल्य) 40 आणि ड्रॅगन स्लेयर नावाची एक क्वेस्ट, म्हणजे मोहीम. डिफेन्स 40 म्हणजे 37,224 एक्सपी. म्हणजे घालणाऱ्याने एक पाऊल टाकावं आणि बनवणाऱ्याने साडेतीनशे. बनवणारा त्या मुक्कामाला पोहोचेपर्यंत घालणारा ते चिलखत कधीच टाकून पुढे गेलेला असतो. स्वतः लोहारालाही ते नको असतं, कारण 99 पर्यंत घासत बसलेल्या खात्यावर त्याहून चांगलं काहीतरी आधीच चढलेलं असतं.

मेहनत आणि मोबदला यांचा तोल ढळल्याचं याहून उघडंवाघडं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. हे प्रकरण निवडण्याचं दुसरं कारण असं की एकाच दुखण्यावर एकाच कंपनीने दोन वेगवेगळे उपाय केले आणि दोन्ही आपल्याला शेजारी ठेवून पाहता येतात. रूनस्केप 4 जानेवारी 2001 ला सुरू झाला. 2013 च्या फेब्रुवारीत जॅगेक्सने 2007 सालची जुनी प्रत बाहेर काढून ओल्ड स्कूल म्हणून वेगळी चालू केली. तेव्हापासून खेळाची दोन घरं आहेत. मुख्य घराने जानेवारी 2019 मध्ये स्मिथिंग मुळापासून उसवलं आणि नव्याने शिवलं. जुन्या घरात 99 चा आकडा अजून जागच्या जागी आहे.

तक्ता आला कुठून

सुरुवातीला मला वाटायचं की कुणीतरी मुद्दाम ठरवून हा आकडा 99 ठेवला असेल: सर्वात मोठ्या लोहारालाच सर्वात मोठं चिलखत, असं काहीतरी. तक्ता नीट पाहिला तेव्हा तो समज गळून पडला.

धातू सहा. ब्राँझचा पहिला माल लेव्हल 1 ला बनतो, लोखंडाचा 15 ला, स्टीलचा 30 ला, मिथ्रिलचा 50 ला, अ‍ॅडमंटचा 70 ला आणि रूनचा (रुनाइटचा माल तोच) 85 ला. प्रत्येक धातूची प्लेटबॉडी त्या पहिल्या मालापेक्षा 18 लेव्हल वर. म्हणून ब्राँझची 18, लोखंडाची 33, स्टीलची 48, मिथ्रिलची 68, अ‍ॅडमंटची 88. रूनला हाच हिशेब लावला तर 103 येतात. तेवढी लेव्हलच नाही, म्हणून आकडा 99 वर टेकला. पायातल्या चिलखताचंही तेच झालं, 85 अधिक 16 म्हणजे 101, तेही 99 वर येऊन थांबलं. दोन हातांनी धरायची तलवार तेवढी प्रामाणिकपणे 99 वर बसते, 85 अधिक 14.

थोडक्यात, हा आकडा कुणी विचार करून ठेवलेला नाही, बेरीज करता करता तो छताला जाऊन आपटलाय. घालण्याचा तक्ता मात्र वेगळ्याच मापाचा: ब्राँझ आणि लोखंड 1, स्टील 5, मिथ्रिल 20, अ‍ॅडमंट 30, रून 40. एक फूटपट्टी शंभरापर्यंत ताणलेली, दुसरी चाळीसावर संपलेली. सुरुवातीच्या काळात हे खुपलं नसणार. तेव्हा 99 ही दूरची गोष्ट होती आणि रून हेच जगातलं भारी सामान होतं. पुढे 2005 मध्ये बॅरोजची चिलखतं आली, अ‍ॅबिसल व्हिप हा चाबूक आला. दोन्ही 70 लेव्हलची शस्त्रसामग्री आणि दोन्ही लढाईतून मिळणारी. वरचे मजले चढत गेले आणि लोहार तळमजल्यावरच राहिला.

पाच बारांची किंमत

आता मेहनतीकडे जरा जवळून पाहू, कारण "99 पर्यंत ग्राइंड" एवढं म्हटल्याने ती कळत नाही.

रुनाइटचा एक बार वितळवायला एक रुनाइट खनिज आणि आठ कोळसे लागतात. पिशवीत जागा 28. एका बारला नऊ जागा, म्हणजे साध्या भट्टीपर्यंतच्या एका फेरीत तीन बार होतात. प्लेटबॉडीला लागतात पाच. अख्खी पिशवी भरून नेली तरी एक चिलखत पुरं होत नाही! रुनाइटचा खडक एकदा फोडला की पुन्हा भरायला 12 मिनिटं घेतो, आणि तो फोडायलाही मायनिंग 85 हवं. कोळशाची वेगळी पिशवी, ब्लास्ट फर्नेस या मोठ्या भट्टीत निम्म्या कोळशात होणारं काम, अशा सोयी पुढे आल्या, पण मूळ प्रमाण हे असं.

आणि गंमत अशी की 99 ला पोहोचणारे बरेच लोहार ही वाट चालतच नाहीत. ब्लास्ट फर्नेसमध्ये सोनं वितळवणं फार जलद. सोन्याच्या एका बारला एरवी 22.5 एक्सपी मिळतात, पण फॅमिली क्रेस्ट या क्वेस्टमधले हातमोजे चढवले की 56.2. त्या हिशेबाने शून्यापासून 99 पर्यंत साधारण 2,32,000 बार. मी स्वतः शेवटची वीसेक लेव्हल अशीच काढली. सोनं ओतायचं, बार उचलायचे, बँकेत टाकायचे, पुन्हा सोनं. त्या सगळ्या काळात मी एकही चिलखत ठोकलं नाही. 99 चं फटाक्यांचं चित्र चमकलं तेव्हा माझ्या पात्राला जगातला अव्वल लोहार म्हणत होते, आणि त्याने हातोडा शेवटचा कधी उचलला होता ते मलाही आठवत नव्हतं.

खेळाडू सर्वात सोपी वाट धरतात म्हणून त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. वस्तू बनवण्यात जर कमाई नसेल, तर कौशल्य म्हणजे फक्त एक आकडा उरतो, आणि आकडा वाढवायचा तर माल कशाला बनवायचा?

भाव कोण ठरवतं

मग ती प्लेटबॉडी विकली तर किती येतात? इथे प्रकरण खरं रंगतं.

खेळात हाय अल्केमी नावाचा मंत्र आहे. मॅजिक 55 झालं की येतो. एक नेचर रून आणि पाच फायर रून (हे मंत्राचे दगड, रून धातूशी संबंध नाही) खर्च करायचे, वस्तूवर मंत्र टाकायचा, वस्तू नाहीशी होते आणि तिच्या ठरीव किमतीच्या 60 टक्के नाणी हातात पडतात. रून प्लेटबॉडीची ठरीव किंमत 65,000. म्हणजे मंत्राने 39,000. ही नाणी कुणाच्या खिशातून जात नाहीत, ती नव्याने जन्माला येतात. त्यामुळे बाजारात प्लेटबॉडीचा भाव 39,000 च्या फार खाली कधी जात नाही. गेला की मंत्रवाले खरेदीला धावतात.

वरच्या बाजूलाही भिंत आहे. एजव्हिलमध्ये ओझियाक नावाचा म्हातारा राहतो. ड्रॅगन स्लेयर पूर्ण केली की तो तुम्हाला रून प्लेटबॉडी 84,500 ला विकतो. कुठलंही स्मिथिंग लागत नाही. दाराशी गेलं की मिळते.

म्हणजे लोहाराच्या मालाला तळही खेळाने ठरवून दिलेला आणि छतही. भाव कायम तळाला चिकटून असतो, कारण पुरवठा लोहारांकडून येतच नाही. तो बॉसकडून, म्हणजे खेळातल्या बलाढ्य शत्रूंकडून येतो. जनरल ग्रार्डोर या मोठ्या बॉसला मारलं की त्याच्या लुटीत कधी बँडॉसचं चिलखत मिळतं, ज्याच्यासाठी लोक गेलेले असतात, आणि कधी रून प्लेटबॉडी, जी पाहून तोंड वाकडं होतं. 99 चा लोहार जे बनवता यावं म्हणून महिने घालवतो, ते इथे सांत्वनपर बक्षीस आहे.

पाच रुनाइट बारांचा भाव त्या एका चिलखतापेक्षा जास्त असल्याचं मी कितीदा पाहिलंय. बारांना इतर गिऱ्हाईक आहे. एका बारातून डार्टची (फेकायच्या छोट्या बाणांची) दहा टोकं होतात, आणि डार्ट लढाईत झिजतात, संपतात, पुन्हा लागतात. चिलखत झिजत नाही. तेव्हा 99 च्या लोहाराने प्लेटबॉडी ठोकली की त्याने मालाची किंमत कमी केली असा त्याचा अर्थ. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

ही लूट अशी का ठेवली असेल? माझं मत असं: खेळ बांधणाऱ्यांना बॉसच्या लुटीत रोकड द्यायची होती. थेट 39,000 नाण्यांचा ढीग दिसायला रुक्ष, म्हणून त्याला चिलखताचं रूप दिलं. घेणारा ते चिलखत कधी घालत नाही, मंत्र मारून नाणी करतो. प्लेटबॉडीच्या अंगावर दोन कामं येऊन पडली. एकीकडे ती लोहाराची कारागिरी, दुसरीकडे बॉसची नोट. आणि नोट छापायची सोय असताना कारागिरीला कोण विचारणार.

म्हणून 99 विरुद्ध 40 या आकड्यावर लोक इतकी वर्षं हसले, तरी माझ्या लेखी ते दुखणं नव्हतं, फक्त वर आलेला फोड होता. उद्या प्लेटबॉडी 40 ला बनू लागली असती, तर लोहाराला तोटा 99 ऐवजी 40 ला झाला असता. बदल एवढाच.

2019: उसवलेलं आणि शिवलेलं

मुख्य रूनस्केपमध्ये मायनिंग आणि स्मिथिंग नव्याने करायची चर्चा अनेक वर्षं चालली. 7 जानेवारी 2019 ला ते प्रत्यक्षात आलं. तोवर खेळाडूंमध्ये तो थट्टेचा विषय झाला होता.

जे आलं ते मात्र अर्धवट नव्हतं. धातू दर दहा लेव्हलला एक असे मांडले: ब्राँझ 1, लोखंड 10, स्टील 20, मिथ्रिल 30, अ‍ॅडमंट 40, रून 50. त्यावर चार नवे धातू: ओरिकाल्कम 60, नेक्रोनियम 70, बेन 80, एल्डर रून 90. ज्या लेव्हलला बनवायचं, त्याच लेव्हलला घालायचं. दोन फूटपट्ट्यांची एक झाली. रूनला आता 1,01,333 एक्सपी पुरेसे होते, एक कोटी तीस लाख नव्हेत.

खडक रिकामे होणं बंद झालं, एका जागी उभं राहून खणत राहता येऊ लागलं. ठोकण्याची रीतही बदलली. आता भट्टीवर अर्धवट माल तयार करून घ्यायचा, ऐरणीवर घाव घालायचे. घाव घालता घालता तो थंड पडत जातो, थंड झाला की काम मंदावतं, मग पुन्हा भट्टीकडे जाऊन तापवायचा. तीन सेकंदांचं काम मिनिटांवर गेलं. हे ऐकायला शिक्षेसारखं वाटतं. मला ते उलट आवडलं. पूर्वी मालाची सगळी किंमत खनिजात होती, लोहाराच्या हाताची किंमत तीन सेकंद. आता हाताचा वेळ वस्तूत उतरू लागला. (त्या मिनिटांत बहुतेक जण दुसऱ्या खिडकीत काहीतरी पाहत असतात, हे मान्य. मीही.)

पण ज्या एका निर्णयासाठी मी या बदलाला मनापासून दाद देतो, तो लेव्हलचा नाही. राक्षसांच्या लुटीतून धातूची चिलखतं आणि हत्यारं काढून टाकली आणि त्यांच्या जागी सॅल्व्हेज नावाचा भंगार माल ठेवला. सॅल्व्हेज घालता येत नाही. त्याच्यावर मंत्र मारून नाणी करा, नाहीतर इन्व्हेन्शन या 2016 मध्ये आलेल्या कौशल्यात त्याचे सुटे भाग करा. नोट आणि कारागिरी यांची ताटातूट झाली. बॉसला जी रोकड द्यायची ती भंगाराच्या रूपात देत राहू दे, लोहाराच्या दुकानात तो यापुढे माल टाकणार नाही. लेव्हलचा तक्ता दुरुस्त करणं कुणालाही सुचलं असतं. खेळाडूंच्या सवयीच्या लुटीला हात घालायला धाडस लागतं.

खपाचीही सोय केली. बहुतेक धातूंचा माल वरच्या पायऱ्यांवर नेता येतो, एल्डर रून तर +5 पर्यंत, आणि चढत्या पायरीला बारांचा ढीग खातो. शेवटची पायरी गाठलेल्या चिलखताचं बरियल आर्मर करायचं आणि फलाडॉरच्या आर्टिझन्स वर्कशॉपमध्ये ते देऊन टाकायचं. बदल्यात एक्सपी. चिलखत कायमचं गेलं. तयार मालाचा ढीग साचू नये म्हणून खेळानेच गिऱ्हाईक बनायचं ठरवलं.

त्या बदलात सर्वात वर होतं मास्टरवर्क चिलखत. ते बनवायला 99 लागतं, ते 90 च्या दर्जाचं असतं, आणि बॉसकडून ते पडत नाही. हे 99 मला पटतं. शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या लोहाराच्या हातून शेवटच्या पायरीवरच्या लढवय्यासाठी काहीतरी निघतंय, आणि ते मिळवायला लोहाराशिवाय दुसरं दार नाही.

मग सगळं सुरळीत झालं? नाही. ओरिकाल्कमपासून बेनपर्यंतचा मधला माल लढणारे फारसा विकत घेत नाहीत. कारण साधं आहे. लेव्हल 60 च्या लढवय्याला 60 चं चिलखत हवं असतं खरं, पण तो 60 वर टिकतो किती काळ? काही संध्याकाळी. लोहार मात्र शिकता शिकता त्याच पायरीवर शेकडो नग बनवतो. शिकाऊ हातांचा माल अमाप, घेणारे मोजके. हा दोष रूनस्केपचा एकट्याचा नाही. ज्या ज्या खेळात कौशल्य वाढवायला माल बनवावा लागतो, तिथे हा ढीग साचतोच. बरियल आर्मर हा ढीग जाळायची भट्टी आहे, बाजार नव्हे. लोहार गिऱ्हाईकासाठी नाही, भट्टीसाठी काम करतो. काहींना ते पुरतं. मला थोडं खटकतं.

जुन्या घरात

ओल्ड स्कूलमध्ये असं उसवणं जमलंच नसतं. तिथे मोठा बदल करायचा तर खेळाडूंचं मत घ्यावं लागतं. आधी 75 टक्के मतं लागायची, 2022 मध्ये ती अट 70 वर आली. 2007 चा खेळ जसाच्या तसा हवा म्हणूनच लोक तिथे जमलेत. त्यांना "तुमचा 99 चा आकडा 50 करतो" म्हणून पाहा.

त्यामुळे तिथे बाजूची दारं उघडली. 2022 च्या जूनमध्ये जायंट्स फाउंड्री आली. कोव्हॅक नावाच्या राक्षसाला तलवारी हव्यात. तो सांगतो कशी हवी, तुम्ही साचे निवडता, मुशीत 28 बारांइतका धातू भरता, शक्यतो दोन धातूंचं मिश्रण. मग हातोडा, सहाण आणि पॉलिशचं चाक, प्रत्येकाचं तापमान वेगळं. लाव्हात बुडवून तापवायचं, धबधब्याखाली धरून गार करायचं. तलवार कोव्हॅकला दिली की तो नाणी देतो, एक्सपी देतो.

यातली मेख मुशीत आहे. बारांच्या जागी तयार हत्यारं-चिलखतंही वितळवता येतात, आणि वस्तू बनवायला जितके बार गेले त्याहून कमी मोजले जातात. मंत्र मारून नाणी करण्यापलीकडे काहीच उपयोग नसलेल्या मिथ्रिल-अ‍ॅडमंटच्या प्लेटबॉड्यांना अचानक दुसरं गिऱ्हाईक मिळालं. जुना तक्ता तसाच ठेवून बाहेर एक भट्टी उभी केली, जी माल गिळते. मुख्य घराच्या बरियल आर्मरचीच ही चुलत बहीण, फक्त खेळायला जास्त मजेची. डिसेंबर 2021 मध्ये ग्रँड एक्स्चेंज या खेळातल्या बाजारावर 1 टक्का कर बसला, त्यातला पैसा वापरून खेळ स्वतः बाजारातून निवडक वस्तू विकत घेऊन नष्ट करतो, हाही त्याच जातीचा उपाय.

ज्यांना हे प्रकार कृत्रिम वाटतात त्यांनी एकदा ईव्ह ऑनलाइन या अवकाशातल्या खेळाकडे पाहावं. तिथे जहाजं खेळाडूच बांधतात आणि लढाईत फुटलेलं जहाज परत येत नाही. जानेवारी 2014 मध्ये बी-आर5आरबी या ठिकाणच्या एका लढाईत 75 टायटन (सर्वात मोठी) जहाजं गेली, प्रत्येक कुणीतरी महिनोन्‌महिने बांधलेलं. तिथल्या कारागिराला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, युद्ध ते पुरवतं. रूनस्केपचं चिलखत फुटत नाही. मग खपासाठी काहीतरी कृत्रिम उभारावंच लागणार.

मजुरी शून्याकडे का जाते

एक शेवटचा प्रयोग सांगण्याजोगा आहे, कारण तो वरवर अगदी बरोबर दिसतो. जानेवारी 2022 मध्ये ओल्ड स्कूलमध्ये नेक्स हा बॉस आला. त्याच्याकडून टॉर्वाचं चिलखत मोडक्या अवस्थेत पडतं. ते दुरुस्त करायला बँडॉसचं चिलखत फोडून त्याचे भाग काढावे लागतात, आणि दुरुस्त करणाऱ्याचं स्मिथिंग 90 असावं लागतं. लढवय्या लूट आणतो, लोहार ती पुरी करतो, जुनं महागडं चिलखत वाटेत नष्ट होतं. कागदावर सुंदर.

लोहाराला यातून मिळतं काय? जवळजवळ काही नाही. 53,46,332 एक्सपी एकदाच जमवायचे, मग त्या माणसाने दहा दुरुस्त्या कराव्या की दहा हजार, त्याला दर दुरुस्तीमागे काहीच खर्च येत नाही. असे लोहार हजारोंनी आहेत. जो पुढचा येईल तो थोड्या कमी पैशात करून देईल, आणि शेवटी मित्र म्हणून फुकट. बँडॉसच्या भागांना भाव आहे, कारण ते संपतात. लोहाराची लेव्हल संपत नाही, म्हणून तिला भाव नाही.

प्रकरणाची गाठ मला इथे सुटते. लेव्हल हा दरवाजा आहे, मजुरी नव्हे. दरवाजातून थोडेच लोक आत गेलेले असतात तोवर आतल्यांची चंगळ. गर्दी झाली की आत-बाहेर सारखंच. 99 ठेवा, 50 ठेवा, खेळ पुरेशी वर्षं चालला की गर्दी होणारच. कारागिराला दर नगामागे काही मिळावं असं वाटत असेल, तर दर नगामागे त्याच्याकडचं काहीतरी खर्च व्हायला हवं, आणि ते इतर कुणाकडून आयतं मिळता कामा नये.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या ऑनलाइन खेळाने हे उशिरा का होईना ओळखलं. नोव्हेंबर 2022 च्या ड्रॅगनफ्लाइट या विस्तारात त्यांनी मालाला दर्जाच्या पायऱ्या दिल्या आणि ऑर्डर घेऊन बनवायची सोय केली. वरचा दर्जा कधीकधी इन्स्पिरेशन नावाच्या नशिबावर लागायचा. ऑगस्ट 2024 च्या द वॉर विदिनमध्ये नशीब काढलं आणि कॉन्सन्ट्रेशन आणलं. त्याचा साठा 1,000, पूर्ण भरायला साधारण चार दिवस. वरचा दर्जा हवा तर साठ्यातून खर्च करा. आता कारागिराला रोज विचार करावा लागतो की आजचं कॉन्सन्ट्रेशन कोणत्या ऑर्डरवर घालू. तो विचार करावा लागतो याचाच अर्थ त्याच्या हाताला किंमत आली. लोकांनी एकाच्या जागी पाच पात्रं काढून साठा पाचपट केला, हा त्यातला चोरदरवाजा. तरी दिशा बरोबर.

ओल्ड स्कूलमध्ये माझी ती एक प्लेटबॉडी अजून बँकेत आहे. 99 झाल्यावर हौसेने ठोकलेली, पाच बार स्वतः खणून. तेव्हा हिशेब केला होता: बार तसेच विकले असते तर जास्त आले असते. डिफेन्स 40 झालेला ओळखीचा एक नवा खेळाडू चिलखत शोधत होता, त्याला मी ती देऊ केली. तो म्हणाला, "राहू द्या दादा, कालच एक लुटीत पडली."